डोळ्यांवरचे पैसे

कारेन पहिली पावलं टाकू लागली त्या शरदात, जर्मनांनी डेन्मार्क घेतल्याला दीड वर्ष झालं होतं तेव्हा, तिचे आजोबा लॉरिट्स खाटेवर निजल्या निजल्या गेले. डोळे मात्र उघडेच राहिले.

त्यांची सून, कारेनची आई मारेन, हिने पापण्या मिटवून वर पाच-पाच ओरेची दोन नाणी ठेवली. जर्मन अंमलात निघालेली, अ‍ॅल्युमिनियमची. जुनी तांब्याची जड नाणी कधीच नाहीशी झाली होती. तिने हात काढला तशी डावी पापणी हळूच वर आली, आणि नाणं वाळक्या पानासारखं गालावरून घरंगळलं. तिने ते पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

मारेनचा जीव घाबरा झाला. बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं, उघड्या डोळ्यांचं मढं सोबत न्यायला घरातलंच माणूस शोधतं. आणि तिचा नवरा येप्पे इंग्रजांकडच्या कुठल्यातरी जहाजावर होता. दोन उन्हाळे त्याचं पत्र नव्हतं.

"आई, एकेक खडा ठेवू का?"

"तो काय खारवलेल्या मासळीचं पिंप आहे, वर धोंडा ठेवायला?" सासू म्हणाली. आबेलोने तिचं नाव. "जन्मभर भरल्या ताटावर घोरला. आता म्हणे झोप येत नाही."

बाहेर धुकं असं उतरलं होतं की खिडकीत ना गल्ली राहिली होती, ना बंदर. नुसता दुधी उजेड. लॉरिट्स त्या उजेडाकडे, समुद्राच्या अंगाला बघत होते. बघता बघता मारेनलाही वाटलं, धुक्यातून कोणीतरी चालत येतंय, ओल्या बुटांनी, अगदी सावकाश.

आबेलोने उठली. तिने केस विंचरले, चर्चला जातानाची शाल घेतली. स्टूल उचलून खिडकी आणि खाट यांच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसली. नाचाला गेलेल्या मुली कोणी विचारेपर्यंत बसतात तशी, पाठ ताठ, हात मांडीवर.

"आई, उठा तिथून."

"तू ती नाणी उचल. पोरीच्या दुधाला होतील."

मग ती नवऱ्याकडे वळली. "लॉरिट्स, इतक्या लांब कुठे बघतोस? मी इथे आहे."

लढाई संपेपर्यंत त्या घरातून आणखी एकच माणूस गेलं. आबेलोने, पुढच्या फेब्रुवारीत, समुद्र गोठला होता त्या आठवड्यात.