हातावरचं दही

निघताना हातावर दही घालायचं ते सासूबाईंनीच, हा आमच्या कोथरूडच्या घरातला नियम. स्वित्झर्लंडची तिकिटं आम्ही चारदा काढली. कधी त्यांचा खुबा मोडला, कधी दमा बळावला. दरवेळी विमान आमच्याशिवाय उडालं आणि दह्याची कढी झाली. "जा की तुम्ही, मी काही लगेच मरत नाही," त्या पलंगावरून म्हणायच्या. मी मनातल्या मनात चरफडत बॅग माळ्यावर टाकायचे. यंदा माघात त्या गेल्या. आज खाली टॅक्सी उभी होती. "पासपोर्ट घेतलास? गॅस बंद केलास? उशीर होतोय," असा ह्यांचा सकाळपासून धोशा. दह्याची वाटी शेवटी मीच आणली. ह्यांनी तळहात पुढे केला, पण सवयीनं सासूबाईंच्या रिकाम्या पलंगाकडे. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. हात तसाच पसरलेला ठेवून हे पलंगावर टेकले. "बस जरा," म्हणाले, "विमान कुठे पळून जातंय?"