अकरा घरांची खुर्ची

चौथ्या घरात सर्वेक्षणाच्या बाईंनी खुर्चीचा डावा हात ओळखला. निळ्या सुतळीने बांधलेला, टेकलं की कुरकुरणारा. याच हातावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवून त्यांनी खालची तीन घरं उरकली होती आणि तिन्ही फॉर्मांत 'खुर्ची: एक' असं झोकात लिहिलं होतं.

पाचव्या घराच्या दारात त्या मुद्दाम रेंगाळल्या. मागच्या बाजूने कुणाच्या तरी धापा ऐकू आल्या, आत कुजबुज झाली, आणि घरधनीण हसतमुखाने बाहेर आली.

"या ना, बसा."

बाई बसल्या. खुर्ची अजून कोमट होती, त्यांच्याच बसण्याने.

डोंगराच्या अगदी टोकाला, एकावर एक चढलेली अकरा घरं. छपरांवरचे पत्रे गंजून चाळण झालेले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. बर्फ पडायला महिना उरला होता. फॉर्मचा नियम सरळ होता: ज्या घरात खुर्ची, ते खातंपितं घर, आणि खात्यापित्या घराला नवे पत्रे नाहीत. पाहुणीला बसायला देण्याच्या नादात सगळं गाव आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतं.

अकराव्या घरी बाई झपाझप चढून गेल्या. तिथे एक आजी एकटीच राहत होती. दारात येऊन ती बाईंच्या खांद्यावरून खालच्या वाटेकडे बघायला लागली.

"जरा उभ्या राहता का, बाई? येतेच आहे."

"कोण?"

"खुर्ची," आजी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

बाईंनी सरळ जमिनीवर बसकण मारली. "आजी, खरं सांगा. ही खुर्ची आहे कुणाची?"

"सुताराने केली. पण त्याचीही नाही." आजीने पुन्हा वाटेकडे पाहिलं. "जो वर चढून येईल, त्याची."

"अहो, मी घरोघर खुर्ची लिहीत आलेय! खुर्ची असली तर पत्रे मिळत नाहीत."

आजीने मान वर केली. छपराच्या भोकांतून ऊन आत पडलं होतं, थेट चुलीवर. तिने ते नीट बघून घेतलं.

"मग खोडून टाका की. नाही म्हणून लिहा," ती म्हणाली. "पण बसल्याशिवाय जायचं नाही."

तेवढ्यात गावातला एक मेंढपाळ आला, डोक्यावर खुर्ची उलटी घेतलेली, घामाने निथळत. "पाय घसरला, आजी. म्हणून उशीर झाला."

"आजी, आता तुम्ही बसा," बाई म्हणाल्या.

"मी कशाला? मी कुठे चढून आलेय?"

बाई निमूटपणे खुर्चीत बसल्या. एकेक फॉर्म काढून त्यांनी दहा ठिकाणी खुर्ची खोडली, प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही केली आणि अकराव्यात 'नाही' लिहिलं. सुताराच्या फॉर्मपाशी हात थोडा अडखळला. 'जो येईल त्याची' असा रकाना नव्हता. तिथेही त्यांनी 'नाही' लिहिलं.

उतरताना त्या एकट्याच होत्या. गुडघे भरून आले होते. अर्ध्या वाटेवर ते अवघड वळण लागायचं होतं. सकाळी तिथे त्या दम लागून ओल्या दगडावर बसल्या होत्या, आणि पहिल्या घरात त्यांनी ते हसत हसत सांगितलंही होतं.

वळणावर खुर्ची होती. वाटेच्या मधोमध, एका पायाखाली दगडाची चीप सरकवून नीट बसवलेली. बाईंनी चारी बाजूंना पाहिलं. गावातून उतरणाऱ्या आडवाटेच्या झुडपांतही कुणी दिसलं नाही.

त्या बसल्या. खुर्ची गार होती. एवढ्या लांब ती घेऊन येणारा तिच्यावर घडीभरही टेकला नव्हता.