ड्रायव्हरची सीट

कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटलं तर तो मालवणचा नव्हे, पण लिनोची साठ सालची गाडी अख्खा आंबोली घाट ड्रायव्हरशिवाय उतरली, असं मी त्याच्या अंगणात जमलेल्या वऱ्हाडाला सांगत होतो. लिनोच्या बापाच्या वेळेपासून या गाडीतून मासळीच्या टोपल्या वाहिलेल्या. खाऱ्या पाण्याने सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आणि गेल्या आठवड्यात तिसऱ्या वळणावर तुटल्या. लिनो सीटसकट मागे उताणा. उरलेली वळणं गाडीने एकटीने घेतली, समोर एसटी दिसल्यावर हॉर्नसुद्धा दिला. "मगे पेट्रोल पण तीच भरून इली काय, लवूकाका?" लिनोच्या पुतण्याने, कॉनरॅडने, विचारलं आणि वऱ्हाड हसत सुटलं. "हसा रे! पण काल दुपारी ह्या सीटाक मी वेल्डिंग मारलंय. गाडी मोडात, पण सीट हलाची नाय." एवढं मात्र सगळ्यांना पटलं, कारण गावात गाड्या दुरुस्त करणारा मीच एकटा. आज याच गाडीतून लिनो लेकीला, जॉयसीला, तोच घाट चढून लग्नासाठी बेळगावच्या चर्चमध्ये नेणार होता. तो स्टिअरिंगवर बसला. जॉयसी पांढरा झगा सावरत आत शिरायला वाकली, तेवढ्यात तिच्या आईने, इझाबेलने, तिचा दंड धरून तिला मागे खेचलं. ती म्हणाली, "लिनो, आधी खाली उतर. लवूकाका, परवापासून गावात लाईट नाय. काल तू वेल्डिंग कशार केलंस?"