भाऊंचा शब्द

“भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच केलंय.” इंजिनिअरने नकाशा टेबलावर पसरला. “बाजारातल्या मोकळ्या जागेवर बायकांसाठी स्वच्छतागृह. सोमवारी पाया खणायला घेतो.”

भाऊंनी चष्मा चढवला. ती जागा त्यांनी आपल्या बिल्डर मित्राला गाळ्यांसाठी कबूल केली होती. स्वच्छतागृहाचं आपण कधी, कुणाशी बोललो, हे त्यांना काही केल्या आठवेना. पण ज्या माणसाने दहा वर्षं वॉर्ड चालवला, त्याने इंजिनिअरसमोर ‘आठवत नाही’ कसं म्हणायचं?

“हं, सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पण वेळेत उरका.”

कागदावर सही मात्र वहिनींची लागायची. दोन वर्षांपूर्वी वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा भाऊंनी बायकोला उभं केलं आणि निवडूनही आणलं. पोस्टरवर तिचा फोटो लहान, यांचा मोठा. पालिकेतल्या खोलीत भाऊ खुर्चीत बसत, वहिनी शेजारच्या स्टुलावर. सुरुवातीला एकदोनदा तिने इंजिनिअरला काही विचारलं होतं. त्याने उत्तर दिलं ते भाऊंकडे बघून. मग तिने विचारणंच सोडलं. फाइल आली की ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचायची आणि सही करायची.

“परीक्षा आहे का उद्या?” भाऊ चेष्टेने म्हणत. ती हसायची.

आठवड्याभराने कापडगिरणीतल्या दहाबारा बायका खोलीत शिरल्या. संध्याकाळची बस भाऊंनी गिरणीच्या फाटकापर्यंत आणली, म्हणून त्या आभार मानायला आल्या होत्या. एकीला बोलता बोलता रडू फुटलं. तिची मुलगी संध्याकाळी सुटणाऱ्या पाळीला होती. अंधारातून चालत यावं लागतं म्हणून पोरीने काम सोडायचं ठरवलं होतं.

भाऊ मान डोलावत राहिले. कसली बस?

त्या गेल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं, “बसचं मी बोललो होतो का गं?”

“सगळे तसंच म्हणतायत ना?” वहिनी फाइल बंद करत म्हणाल्या.

मग बिल्डर आला आणि भरल्या खोलीत ओरडला, “शब्द दिला होतास मला! आणि आता विसरलास म्हणतोस?” भाऊंचे कान गरम झाले. त्यांना आता कुठला शब्द दिला आणि कुठला नाही, हेच कळेनासं झालं होतं. वडिलांची शेवटची वर्षं त्यांना आठवली. वडील सख्ख्या मुलाला “आपण कोण?” विचारायचे.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप डॉक्टरांकडे गेले. वहिनी सोबत होत्या. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, वीस वस्तू दाखवून झाकल्या. भाऊंनी वीसच्या वीस सांगितल्या.

“माझ्यापेक्षा बरी आहे तुमची आठवण,” डॉक्टर गोंधळून म्हणाले. “वहिनी, घरात काही विसरतात का?”

“घरातलं काही ठाऊक असेल तर विसरतील ना!”

डॉक्टर खो खो हसले. भाऊंना हसू आलं नाही. आठवण शाबूत आहे, तर मग हे काय चाललंय?

त्यांनी खिशात वही ठेवायला सुरुवात केली. कुणाशी काय बोललो ते तिथल्या तिथे टिपून घेत. तरी शाळेमागचे दिवे लागले, दवाखान्यात बाईडॉक्टर आली, आणि दोन्ही वेळा लोकांनी पाठ थोपटली ती भाऊंची. वहीत दोन्हींचा पत्ता नव्हता. आपण लिहायचंही विसरतो, एवढाच अर्थ त्यांना लागला.

एका दुपारी जेवण झाल्यावर ते पानावरून उठलेच नाहीत.

“माझं डोकं चालेनासं झालंय,” ते खाली बघत म्हणाले. “उद्या भलतंच काही सांगून बसेन. मी या सगळ्यातून बाहेर पडतो. तू बघ.”

वहिनी दचकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

“असं काही करू नका,” त्या घाईघाईने म्हणाल्या. “तुमच्या नावावर तर सगळं चालतंय. माझं कोण ऐकतं?”

भाऊंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण बायकोने आपल्याला इतकं मानल्याचं त्यांना आठवत नव्हतं. अर्थात, आठवण्याचा भरवसा तरी कुठे होता! ते आत जाऊन आडवे झाले. झोप काही लागली नाही.

थोड्या वेळाने बाहेर फोन वाजला. भाऊ पाणी प्यायला उठले होते, ते दारातच थांबले. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून शर्टाला इस्त्री करत होत्या. त्यांनी फोन उचलला, इंजिनिअरचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. नवीन जलवाहिनी आधी कुठे न्यायची, एवढाच प्रश्न होता.

“थांबा हं, भाऊंना विचारून सांगते.”

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. शर्टाची एक बाही इस्त्री केली. उलटवून दुसरी केली. कॉलर नीट बसवली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

“विचारलं. भाऊ म्हणतात, आधी वरच्या वस्तीत न्या.”