अस्तर शाबूत

"किरकोळ आहे, मास्टर," डॉक्टर म्हणाले आणि बायकोशेजारी बसलेला शिंपी सावध झाला. किरकोळ हा शब्द तो दुकानात रोज वापरायचा. बहुतेक वेळा कापड चुकीचं कापल्यावर.

घास छातीत अडकायला लागला म्हणून तोंडातून दुर्बीण घालून झाली होती. पडद्यावर अन्ननलिका दिसत होती, मधेच गुळगुळीत फुगवटा.

"गाठ भिंतीच्या स्नायूत आहे. आतलं अस्तर शाबूत आहे. कॅन्सर सहसा अस्तरातूनच उगवतो. तसं असतं तर औषधं, किरणं, नळी कापणं, सगळं आलं असतं. ही साधी गाठ दिसतेय. छातीच्या बाजूनं छोटी भोकं पाडून सोलून काढू."

"तुकडा तपासायला पाठवलात?"

"नाही."

शिंप्यानं चोर पकडल्यासारखं बायकोकडे पाहिलं. "बघ. नमुना न काढताच माल ओळखला."

"मुद्दाम नाही घेतला. तिथं टोचलं की अस्तर गाठीला चिकटतं, सोलताना फाटतं. काढल्यावर अख्खी गाठच तपासू."

उत्तर चोख होतं. तेच शिंप्याला खटकलं. गिऱ्हाईक भांडायला आलं की त्याच्याकडेही असंच चोख उत्तर तयार असायचं.

त्यात डॉक्टर फारच गोड बोलत होते. आणि अंगात तोच कोट. शिंप्याच्याच दुकानात शिवलेला, डावी बाही मनगटाच्या वर संपणारा. या बाहीसाठी डॉक्टरांनी दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आज नेमका हाच कोट कशाला?

"डॉक्टर, कोटाचं मनात नाही ना ठेवलंत?"

"कुठल्या कोटाचं?"

म्हणजे ठेवलंय.

"अहो, त्यांना गाठ काढायचीय, उट्टं नाही," बायको म्हणाली.

"तू गप्प बस. डॉक्टर, टाके कोण घालणार? आमच्याकडे कापतो मी, शिवतं भलतंच कुणी."

"कापणार मी, शिवणारही मीच. मंगळवारी दाखल व्हा. बुधवारी ऑपरेशन. नक्की."

नक्की ऐकलं आणि उठू लागलेला शिंपी परत खाली बसला. गिऱ्हाइकाला तारीख देताना तोही असंच नक्की म्हणायचा, आणि ती तारीख कधी पाळायचा नाही. त्यानं गळ्यातली टेप काढली. सवयीनं ती इस्पितळातही आली होती.

"हात पुढे करा."

डॉक्टरांनी केला. शिंप्यानं डावी बाही मोजली. मग पुन्हा मोजली. असं त्याला करताना बायको पहिल्यांदाच बघत होती.

"कोट आत्ताच द्या. सोमवारी बाही वाढवून आणून देतो."

डॉक्टरांनी कोट काढला. शिंप्यानं धरला, पण डॉक्टर तो सोडेनात.

"सोमवारी?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नक्की?"

शिंप्यानं तोंड उघडलं. शब्द बरोबर तिथंच अडकला, जिथं घास अडकायचा.