एकेरी पुलावरचा खर्ज

“ब्रिटिश म्हणे! आम्हाला त्या हॅटनवाल्यांच्या पंगतीत बसवलं!”

ओल्वेन प्यूने गावचं साप्ताहिक दुकानाच्या फळीवर आपटलं. काउंटीतल्या कुठल्या गावात ब्रिटिश वंशाची माणसं किती, ते त्यात छापून आलं होतं. इंग्रज, वेल्श, स्कॉटिश, सगळे एकाच रकान्यात कोंबलेले. सगळ्यात वर हॅटन, तळाला कार्मेल.

कार्मेल म्हणजे अमेरिकेत येऊन वसलेल्यांचं, डोंगरावरचं वेल्श गाव. पोरं पोटापाण्याला पांगली, उरल्या त्या बहुतेक म्हाताऱ्या. खाली नदीपलीकडे हॅटन, इंग्रजांचं. कार्मेलचे आजे-पणजे पाटीच्या दगडाच्या खाणीत राबले, हॅटनच्या आज्या-पणज्यांनी तिथे मुकादमी केली. खाण कधीच बंद पडली होती, पण व्हर्मॉन्टच्या त्या कोपऱ्यात वैर मात्र चांगलं धडधाकट होतं.

“वहिनी, आकडे वाचून डोकं कशाला तापवताय?” नणंद नेस्टा म्हणाली. तिचा आवाज घोगरा, म्हणून तेवढा ओल्वेनला नीट कळायचा. “रविवारचं बोला. खर्ज कोण लावणार?”

दर सप्टेंबरात कार्मेलच्या चॅपेलमध्ये चार आवाजांत भजनं व्हायची आणि हात उचलून सगळ्यांकडून गाऊन घ्यायची ती ओल्वेन. खर्जात गाणारा शेवटचा पुरुष, म्हातारा इद्रिस, वसंतात गेला. आणि दुसरं दुखणं फक्त नेस्टाला ठाऊक होतं. ओल्वेनचे कान चालले होते. आधी वरचे सूर गेले. समोर बाया तोंडं उघडून जीव तोडून गायच्या आणि हिला काही म्हणता काही पोचायचं नाही. त्यांच्या ओठांकडे बघून ती हात हलवायची. कानातल्या यंत्राने चमच्यांचा खणखणाट तेवढा ऐकू यायचा, सूर नाही. खालचे सूर अजून येताहेत, पण तेही फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते सूर जायच्या आधी आपलं भजन एकदा, फक्त एकदा, कानांनी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आणि त्यासाठी खर्ज हवा होता.

“हॅटनच्या चर्चमध्ये खर्जाचे बाप्ये आहेत,” नेस्टा म्हणाली. “तो रूबेन थॉर्नली गातो तेव्हा ढग गडगडल्यासारखं वाटतं.”

“इंग्रज? आपल्या चॅपेलमध्ये?”

गाण्याच्या बाकावर वेल्श रक्ताचंच माणूस बसेल, हा नियम ओल्वेननेच तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता.

“मग राहिलं. रक्त तपासत बसा आणि शांतता ऐका!” नेस्टा फणकारली.

शनिवारी ओल्वेन हॅटनला गेली. रूबेन अंगणात लाकडं फोडत होता. उद्या आमच्याकडे खर्ज लावायला याल का, तिने विचारलं.

“तीस वर्षं आम्ही चाललो नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “आता तुमचं अडलं, तर चालतो होय?”

येताना तिने घोळवून ठेवलेलं सगळं बोलणं विरून गेलं. “मला ऐकू येत नाही, रूबेन,” ती म्हणाली, आणि लाजेने तिचे कान तापले. “जाड आवाज तेवढा येतो. तोही जाईल.”

रूबेनने कुऱ्हाड खाली ठेवली. “आम्हाला तुमची भाषा येत नाही.”

“शब्द नकोत मला. नुसता आ करा.”

“बघतो,” तो म्हणाला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली. आता ‘बघतो’चा अर्थ काय होतो, हे कुणाला सांगायला नको.

रविवारी सकाळी शाळेच्या जुन्या बसमधून बाया चॅपेलच्या दारात जमल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ओल्वेनने खूप वेळ वाट पाहिली. मग तिच्या मनात आलं, तीस वर्षं ज्यांना दार बंद, ते एका दिवसात कसे येतील? आणि आपण तरी अकड धरून कुठवर बसायचं, थडग्यात जाईपर्यंत?

“चला गं, बसमध्ये बसा. आपण हॅटनला जाऊ.”

“हॅटनला?” बाया किंचाळल्याच.

“हो. त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या बाकांवर. आपण दार लावलं होतं, आता जायला नको आपण?”

दोन गावांच्या मधे नदीवर लाकडी पूल आहे. वर छप्पर, दोन्हीकडे फळ्या, आणि एकेरी. बस पुलाच्या मध्यावर पोचली आणि समोरून रूबेनचा ट्रक आत घुसला. त्याच्यामागे गाड्यांची रांग.

“मागे घ्या!” रूबेन ओरडला. “आम्ही तुमच्याकडेच निघालोय!”

“तुम्ही घ्या मागे!” नेस्टा खिडकीतून ओरडली. “आम्ही तुमच्याकडे निघालोय!”

मग बसमध्ये कोणीतरी खुदकन हसलं, आणि हसू पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. पण मागे कोण घेणार? बसला उलटं जाताना पुलाच्या तोंडचं वळण जमेना आणि ट्रकच्या पाठीशी रांग लागलेली. रविवारचे कोट घातलेले बाप्ये खाली उतरून एकमेकांकडे बघायला लागले.

ओल्वेन उतरली. बस आणि ट्रकच्या मधे जाऊन उभी राहिली. “इंजिनं बंद करा,” ती म्हणाली. “इथेच गाऊ.”

“पुलावर?” रूबेन म्हणाला.

“मला वेळ नाही, बाबा.”

एका अंगाला बाया उभ्या राहिल्या, दुसऱ्या अंगाला बाप्ये. तिचा हात खाली आला. बायांचे ओठ हलले आणि नेहमीसारखंच, काही नाही. मग पायाखालच्या फळ्या घुमायला लागल्या. तळव्यांतून काहीतरी वर चढलं, बरगड्यांत भरलं आणि, देवा रे, कानात आलं! सूर! खरा, जाडजूड, जिवंत सूर. वरचे सूर कुठे असतात ते तिला तोंडपाठ होतं. तिने ते मनातल्या मनात त्यावर ठेवले, आणि भजन पुरं झालं. तिचे गाल भिजले. नेस्टा गायचं विसरून तिच्याकडेच बघत राहिली.

तिसऱ्या कडव्यात ओल्वेनच्या कपाळाला आठी पडली. तिने ट्रकच्या बॉनेटवर फाडकन हात मारला. गाणं थांबलं.

“इंग्रज असाल तुमच्या घरी, रूबेन थॉर्नली! इथे बेसूर चालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून!”