डब्यावरची चिठ्ठी

विजयकुमारने बायकोच्या नावाचा काडतुसांचा डबा फळीवरून उचलला आणि गुपचूप आपल्या बॅगेत टाकला. काडतुसं भरायच्या खोलीत कोणी नव्हतं. खोली सांभाळणारा वासुदेव पिस्तुलं काढायला आत गेला होता. फळीवरच्या सगळ्या डब्यांवर रोजच्यासारखी ‘वासुदेव’ अशी चिठ्ठी होती. हा एकच डबा वेगळा, कोपऱ्यात ठेवलेला, आणि त्यावर ठसठशीत अक्षरात ‘सुनेत्रा’. वा रे वा! अख्ख्या क्लबाला एक माल आणि हिला दुसरा.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कजवळच्या या शूटिंग क्लबात विजयकुमार आठ वर्षं येत होता. सुनेत्राला त्यानेच आणलं, मरीना भागातल्या फ्लॅटमध्ये एकटी बसून कंटाळते म्हणून. तिने कॅफेत पुस्तक वाचत बसावं, एवढीच त्याची अपेक्षा. तर बाईसाहेबांनी पिस्तूल हातात घेतलं आणि दीड वर्षात नवऱ्याच्या पुढे गेल्या. तो तीनशेपैकी दोनशे साठच्या आसपास घुटमळायचा, ती दोनशे सत्तरच्या खाली यायची नाही. घरी लेक मिहिका विचारायची, “मॉम बीट यू अगेन, बाबा?” तो हसायचा, पण मनात धुमसत राहायचा. दोन महिने उजवं मनगट ठणकत होतं, तेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, आता कारणं सुरू झाली.

त्यात हा वासुदेव. रत्नागिरीकडचा माणूस, उमेदीची वर्षं देशातल्या दारूगोळा कारखान्यात गेलेली. इथे तो झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरायचा. दारू तोलायची, गोळी बसवायची, एकेक काडतूस मापून बघायचं. असा कडक की मॅनेजरलाही त्या खोलीत मोबाइल आणू द्यायचा नाही. आणि सुनेत्रा मात्र गेले पाच शनिवार तिथे तास तास बसत होती. घरून थालीपिठं नेत होती. काचेपलीकडून दोघं हसताना दिसायची. सगळ्यांना सर-मॅडम म्हणणारा हा माणूस तिला वहिनी म्हणायचा. आत एवढं काय चालतं, असं विजयकुमारने एकदा विचारलंही. काही नाही, गप्पा, असं म्हणून तिने विषय बदलला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

आज अल ऐन शहरातल्या सामन्यासाठी क्लबातून एकाची निवड व्हायची होती. विजयकुमारने तिच्या डब्यातली काडतुसं भरली, नेम धरला आणि पहिली गोळी झाडली. धक्क्याने हात उडालाच नाही. कोपरापर्यंत जाणारी नेहमीची कळही आली नाही. दुसरी गोळी, तिसरी, सगळ्या काळ्या गोलात. शेवटी पडद्यावर त्याचा आकडा आला, दोनशे एक्क्याऐंशी. शेजारच्या लेनमध्ये सुनेत्राचे दोनशे चौऱ्याहत्तर झाले होते, नेहमीसारखेच. लोकांनी त्याची पाठ थोपटली. सुनेत्रा तर लांबूनच दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती.

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. पण आतून जळणाऱ्याला नुसतं जिंकणं पुरत नाही. विजयकुमार रिकामा डबा घेऊन तडक मॅनेजर हमदुल्लाच्या केबिनमध्ये गेला. हा माणूस माझ्या बायकोला खास काडतुसं बनवून देतो, तो म्हणाला. पुरावा हवा म्हणून मी मुद्दाम तिचाच डबा वापरला, आणि बघा, माझ्या नेहमीच्या आकड्यात वीस गुणांचा फरक. हे लाड कशासाठी चालतात ते तुम्हीच ओळखा. हमदुल्लाने सांगितलं, लेखी दिलंत तर वासुदेवची नोकरी खलास, व्हिसाही खलास, आठवड्यात तो गावी. विजयकुमारने कागद ओढला आणि पानभर लिहून काढलं. फक्त सही राहिली होती. तेवढ्यात हमदुल्लाने बोलावलं म्हणून वासुदेव आला. त्याच्या मागोमाग सुनेत्राही आली.

हमदुल्लाने वासुदेवला तक्रार वाचून दाखवली. वासुदेवने टेबलावरचा डबा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात मराठीत बोलला.

“साहेब, चिठ्ठीवर भरणाऱ्याचं नाव असतं. काडतुसाने दगा दिला तर ते कोणाच्या हातचं, हे कळायला हवं. आमच्या कारखान्यातली रीत, ती मी इथेही सोडली नाही. फळीवरचे बाकीचे डबे मी भरले. हा वहिनींनी भरलाय.”

“तिच्यासाठीच ना?”

“तुमच्यासाठी. पाच शनिवार शिकल्या त्या. धक्का कमी बसेल आणि नियमातही बसेल, अशी दारू ठरवायला वेळ लागला. सकाळी तुम्हाला द्यायला गेलो, तर डबा जागेवर नाही. तुम्ही हल्ली चहाचा कप डाव्या हाताने उचलता, असं वहिनी म्हणाल्या होत्या.”

विजयकुमारच्या बोटांत पेन तसंच राहिलं. हमदुल्लाने हिंदीत विचारलं, सही करताय ना?

सुनेत्राने टेबलावरचा कागद उचलला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला. मग घडी न घालता तो नवऱ्यापुढे परत ठेवला.

“मनगट दुखतं हे मला सांगायची तुला लाज वाटली, विजय,” ती म्हणाली. “हे लिहायची नाही वाटली?”